अल्जिनेटच्या मण्यांतले जिवाणू आम्लात मेले, की मोजायचेच राहिले?

संक्रांत झाली की आमच्या प्रयोगशाळेच्या दारात एमएस्सीच्या शेवटच्या सत्राची मुलं दिसायला लागतात. हातात पेट्री प्लेटांची चळत, चेहरा पडलेला. "मॅडम, बीड्स मस्त झाल्या होत्या, पण पोटाच्या आम्लातून काढल्या तर काउंटच नाही." हल्ली ताकात, श्रीखंडात प्रोबायोटिक घालू पाहणारे छोटे उद्योजकही हीच रड घेऊन येतात. बारा वर्षं मी या मण्यांशी झटते आहे. प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक, जिवाणू पोटातल्या आम्लातून आतड्यात जिवंत पोचावेत म्हणून ते अल्जिनेट या समुद्री शेवाळातल्या पदार्थाच्या द्रावणात मिसळतात आणि त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराईडमध्ये सोडतात; त्यांचे जेलीसारखे मणी (बीड्स) होतात. काउंट म्हणजे प्लेटवर वाढलेल्या वसाहतींवरून (कॉलनींवरून) मोजलेले जिवंत जिवाणू. बहुतेक वेळा दोष मण्याच्या कवचात नसतोच. जिवाणू एक तर आम्लात जायच्या आधीच मेलेले असतात, नाही तर जिवंत असून मोजलेले नसतात. तरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो "कायटोसानचं कोटिंग देऊ का?" हाच. कायटोसान म्हणजे मण्यावर बाहेरून चढवायचा थर. द्याल हो, पण आधी बाकीचं बघू.

लक्षणं

कृत्रिम जठररसात दोन तास ठेवल्यावर काउंट चार-पाच लॉगनं उतरतो. एक लॉग म्हणजे दहातले नऊ गेले. पाच लॉग म्हणजे १०० कोटींतले जेमतेम १० हजार उरले. हे सर्वात जास्त दिसणारं लक्षण.

दुसरं, एकाच नमुन्याच्या तीन प्लेटांवर १२, १९० आणि शून्य असे आकडे येतात. तिसरं, मण्यातले आणि मोकळे जिवाणू सारख्याच प्रमाणात मरतात, म्हणजे मणी केले काय न केले काय. चौथं लक्षण मुलांना दोष वाटतच नाही, उलट आनंद होतो: आम्लातून काढल्यावर १०० टक्क्यांहून जास्त जिवाणू जिवंत! पाचवं, धुतानाच मणी फुगतात, कडा धूसर होतात, पाणी गढूळ होतं. सहावं, मणी गोल न होता शेपटीवाले किंवा चपटे होतात.

आणि एक लक्षण लक्षण नव्हेच. "मॅडम, आतड्याच्या रसात मणी विरघळून गेले!" अहो, त्यासाठीच तर केले. आम्लात अल्जिनेट आकसतं आणि टिकतं, आतड्याच्या साधारण ७ पीएचला ते फुगून सुटतं. तिथं मणी न विरघळता तसेच पुढे गेले, तर काळजी करा.

आधी वही, मग प्रयोग

फुकटातली पहिली तपासणी म्हणजे वहीत पाच आकडे आहेत का ते पाहणं. अल्जिनेटमध्ये मिसळायच्या आधीचा काउंट, मणी झाल्या झाल्या, धुतल्यानंतर, जठररसानंतर आणि पित्तक्षारांनंतर. दर वर्षी दहातल्या आठ वह्यांत फक्त पहिला आणि चौथा असतो. मग घसरण आम्लात झाली की त्याआधी, हे कुणाला सांगता येणार?

याच वहीत एक साधा घोटाळा सापडतो. १ मिली जिवाणूंचं द्रावण ९ मिली अल्जिनेटमध्ये मिसळलं, तर दर मिलीचा आकडा तिथंच दहापट कमी होतो. एक लॉग गेला आणि एकही जिवाणू मेलेला नाही. तो लॉग आम्लाच्या नावावर लिहिलेला मी कित्येकदा पाहिला आहे.

सोबत मोकळ्या जिवाणूंची, म्हणजे फ्री सेल्सची, जोडी चालवली होती का तेही बघा. त्याच दिवशी, त्याच रसात, तेवढाच वेळ. ती नसेल तर मण्यानं वाचवलं की मुळात स्ट्रेनच, म्हणजे जिवाणूचा वाणच, चिवट होता, हे कळत नाही. आणि तुमचा जिवाणू बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स असेल तर मी तुम्हाला चहा पाजून परत पाठवीन. तो स्वतःच बीजाणू करतो, त्याला अल्जिनेटची गोधडी लागत नाही.

मेडिकलमधली बाटली

मेडिकलच्या दुकानातून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड आणा. काचपट्टीवर थेंब ठेवा आणि त्यात प्लेटवरची एक कॉलनी लाकडी काडीनं मिसळा. लॅक्टोबॅसिलस असेल तर काही होत नाही. भराभर बुडबुडे आले तर ती वसाहत तुमची नव्हे; यीस्ट असेल, स्टॅफिलोकोकस असेल, कुणीही असेल. एमआरएस या लॅक्टोबॅसिलस वाढवायच्या माध्यमावर फक्त आपलाच पाहुणा वाढतो असा भाबडा समज असतो. तसं नाही. पाहुण्यांना मोजून "१०० टक्क्यांहून जास्त जिवंत" म्हणणारे प्रबंध तयार होतात ते असेच. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. पुढे काहीही करण्याआधी करा, कारण दूषित नमुन्यावर केलेली बाकी सगळी मेहनत पाण्यात जाते.

मणी पूर्ण विरघळला का?

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त केसेस याच ओळीत सुटतात.

दोन मिलिमीटरच्या मण्याचं आकारमान साधारण ४ मायक्रोलिटर असतं. आत दर मिलीला १०० कोटी जिवाणू असतील तर एका मण्यात ४० लाखांच्या आसपास जीव बसलेले असतात. हा मणी न विरघळता, किंवा त्याचा एक तुकडा, प्लेटवर पडला तर तिथं किती कॉलनी उठतील? एक. चाळीस लाखांचं एक झालं, आणि तुम्ही म्हणालात की आम्लानं मारलं. एका प्लेटवर १२ आणि दुसरीवर १९० येतात तेही यामुळेच. कुठल्या पिपेटमध्ये तुकडा शिरला त्यावर आकडा ठरतो.

मणी फोडायचा म्हणजे त्यातलं कॅल्शियम काढून घ्यायचं. अल्जिनेटच्या साखळ्यांना कॅल्शियमनं एकमेकींशी बांधलेलं असतं. सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेतं आणि जाळं सुटतं. १ ग्रॅम मणी ९ मिली १ टक्का सोडियम सायट्रेटमध्ये घाला, शेकरवर ठेवा आणि घड्याळाकडे नव्हे, नळीकडे बघा. पद्धतीत "१० मिनिटं" लिहिलंय म्हणून दहाव्या मिनिटाला उचलू नका. नळी उजेडासमोर धरून तळाशी एकही कण दिसत नाही तोवर थांबा.

आम्लातून आलेले मणी ताज्या मण्यांसारखे पटकन सुटत नाहीत. ते आकसून घट्ट झालेले असतात, आणि सोबत आलेलं आम्ल सायट्रेटचा पीएच खाली ओढतं. म्हणून आधी जठररस पूर्ण निथळून टाका, पीएच ७ च्या बफरमध्ये मणी सोडा, आणि हे झटपट करा. नाही तर तुम्ही चहाला गेलात तरी आम्ल आपलं काम करतच राहतं. कायटोसानचं कोटिंग असेल तर आणखी वेळ लागतो, कारण पीएच साडेसहाच्या वर कायटोसान विरघळत नाही. म्हणजे कोटिंग जितकं चांगलं, तितका काउंट वाईट दिसण्याची शक्यता! कोटिंग दिल्यावर निकाल बिघडला म्हणून रडणारी एक मुलगी फक्त दीड तास जास्त शेक करून हसत गेली होती.

खात्री नसेल तर विरघळवलेल्या नळीतला एक थेंब ग्रॅम स्टेन करून मायक्रोस्कोपखाली बघा. पेशी सुट्या दिसायला हव्यात. जेलीच्या गोळ्यात मनुक्यांसारख्या रुतलेल्या दिसल्या तर नळी परत शेकरवर.

धुण्याचं पाणी

ही माझी स्वतःची फजिती. पहिल्याच वर्षी एक अख्खा महिना माझे मणी फ्रीजमध्ये ठेवले की चार दिवसांत लिबलिबीत होत होते. अल्जिनेट बदललं, सुई बदलली, फ्रीजवाल्याला बोलावलं. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मणी फॉस्फेट बफर सलाईनमध्ये (पीबीएसमध्ये) धूत होते आणि त्यातच साठवतही होते. ज्यानं मणी फोडायचा, त्यातच मी तो जपून ठेवत होते.

जिवाणू धुवायचे म्हणजे पीबीएस, हे हाताला इतकं वळण पडलेलं असतं की मण्यांच्या वेळीही तीच बाटली उचलली जाते. मण्यांना ०.१ टक्का पेप्टोन पाणी किंवा थोडं कॅल्शियम क्लोराईड घातलेलं निर्जंतुक पाणी वापरा. साध्या मिठाच्या पाण्यातही फार वेळ ठेवू नका. सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेतं.

पाण्यावरून आठवलं. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मऊ असतं, पण शहराबाहेरच्या बऱ्याच इमारतींत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं आणि ते जड असतं. अशा पाण्यात अल्जिनेट भिजवलं की गुठळ्या होतात, कारण मणी होण्याची क्रिया बादलीतच सुरू झालेली असते. डिस्टिल्ड पाणी घ्या. पावडर एकदम ओतू नका. पिठल्यात बेसन भुरभुरतो तशी, ढवळत ढवळत सोडा आणि रात्रभर राहू द्या.

कॅल्शियम क्लोराईडची बाटली

०.१ मोलर द्रावणासाठी निर्जल कॅल्शियम क्लोराईड लिटरला ११.१ ग्रॅम लागतं, दोन रेणू पाणी असलेलं १४.७ ग्रॅम. लेबल न वाचता दुसऱ्याचे ११.१ ग्रॅम घेतले की द्रावण पाऊण ताकदीचंच होतं. शिवाय निर्जल पावडर हवेतलं पाणी ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये झाकण सैल राहिलेली बाटली उघडाल तर आत डबकं सापडेल, त्याचं वजन करून काही उपयोग नाही. निर्जल पावडर विरघळताना द्रावण गरमही होतं. ते थंड होऊ द्या, मगच थेंब सोडा.

आम्ल खरंच किती आम्ल आहे?

पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर लावून २ चा पीएच मोजणं म्हणजे खालच्या बाजूला अंदाजपंचे जाणं. १.६८ चा बफर मिळतो, तो वापरा. पेप्सिन, म्हणजे जठरातलं पाचक विकर, ऑटोक्लेव्ह करू नका, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करू नका. ते प्रथिन आहे, शिजून जातं आणि मग तुमचा जठररस नुसतं खारट आम्ल उरतो. ताजं मिसळा, फिल्टरनं निर्जंतुक करा.

पीएच किती ठेवायचा, यावर वाद घालायला मला आवडतं. काही मुलं १.२ पीएचला दोन तास ठेवतात आणि सगळे मेले म्हणून हताश होतात. उपाशी पोटाचं ते टोक आहे. जेवणानंतर जठरातला पीएच वर चढतो. इन्फोजेस्ट या आंतरराष्ट्रीय पद्धतीत जठराच्या टप्प्याला पीएच ३ आणि दोन तास, नंतर आतड्याच्या टप्प्याला पीएच ७ आणि दोन तास धरले आहेत. तुमचा पदार्थ लोक जेवणासोबत ताकातून घेणार असतील तर १.२ ची परीक्षा कशाला? कोण, कधी, कशाबरोबर घेणार, ते आधी ठरवा.

दोन तासांनंतरही पीएच मोजा. मण्यात स्किम मिल्क असेल तर रसाचा पीएच २ वरून बराच वर गेलेला असतो. मग जिवाणू कवचामुळे नव्हे, दुधाच्या प्रथिनांमुळे वाचले. वाचले हे खरं, पण श्रेय योग्य खात्यात जमा करा.

वजनाचीही एक मेख आहे. आम्लात मणी आकसतात. त्यामुळे नंतरचा १ ग्रॅम म्हणजे आधीच्या १ ग्रॅमपेक्षा जास्त मणी, आणि म्हणूनच ते १०० टक्क्यांवरचे आनंदाचे आकडे. आम्लात टाकायच्या आधी १ ग्रॅम तोला आणि तेवढे सगळेच्या सगळे मणी विरघळवा.

जिवाणूंचं वय

सहा-आठ तासांत काढलेले, जोमानं वाढणारे जिवाणू आम्लाला हळवे असतात. सोळा-अठरा तासांनी, वाढ थांबल्यावर काढलेले जास्त सोसतात. उपासमार आणि स्वतःच केलेलं आम्ल यांनी ते आधीच घट्ट झालेले असतात. पण शुक्रवारी लावून सोमवारी काढले तर तेही दमलेले. वेळ बदलायला पैसा लागत नाही, तरी ही तपासणी इतक्या खाली ठेवली, कारण प्रत्येक वेळी सगळा प्रयोग पुन्हा करावा लागतो.

अल्जिनेट आणि सुई

इथून खर्च सुरू. २ टक्के सोडियम अल्जिनेट, २२ ते २६ गेजची सुई, अर्धा तास कॅल्शियममध्ये घट्ट होऊ देणं, या सुरुवातीच्या मापांनी बहुतेकांचं काम होतं. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्यानं अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात आणि द्रावण पातळ होतं. दोनदा ऑटोक्लेव्ह केलेलं तर टाकूनच द्या. पातळ द्रावणाचे किंवा फार उंचावरून सोडलेले थेंब चपटे होतात. दाट द्रावणाचे किंवा फार जवळून सोडलेले शेपटीवाले.

स्वस्तातलं अल्जिनेट घेताना विचारून घ्या. कापडावरच्या छपाईतही सोडियम अल्जिनेट वापरतात, आणि ते खाण्याचं नसतं. अल्जिनेटची साखळी दोन आम्लांची बनते; ज्यात ग्युल्युरोनिक आम्लाचा वाटा जास्त, त्याचे मणी कडक आणि ठिसूळ होतात, मॅन्युरोनिकचा जास्त त्याचे मऊ. विक्रेत्याला हे सांगता आलं नाही तर निदान लॉट नंबर वहीत लिहा.

आता कवच

इथपर्यंत सगळं नीट निघालं आणि तरी काउंट पडतोय, तर दोष खरोखर कवचात आहे. नुसत्या अल्जिनेटची जाळी सच्छिद्र असते. पेप्सिनसारखे मोठे रेणू आत शिरायला अडखळतात, पण आम्लाचा हायड्रोजन आयन काही मिनिटांत मण्याच्या गाभ्यात पोचतो. मणी म्हणजे किल्ला नव्हे, माजघर आहे. दार आहे, पण कडी नाही.

मग तीन वाटा. आत कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड घालायची, ती आम्ल जागच्या जागी मारते. अल्जिनेटमध्ये न पचणारं स्टार्च मिसळून भोकं बुजवायची. किंवा बाहेरून कायटोसानचा थर. अल्जिनेट ऋण भाराचं, कायटोसान धन भाराचं, म्हणून ते घट्ट चिकटतं. कायटोसान अॅसिटिक आम्लात विरघळवतात. त्याचा पीएच ५.५ च्या आसपास आणल्याशिवाय मणी त्यात टाकू नका, नाही तर वाचवायच्या नादात तिथंच मारून बसाल.

आकाराचा पेच सुटत नाही, तो फक्त निभावून न्यावा लागतो. १०० मायक्रॉनच्या खालचे मणी आम्लात फारसे कामी येत नाहीत. दोन-तीन मिलिमीटरचे मणी जिवाणू जपतात, पण श्रीखंडाच्या पहिल्या घासालाच दाताखाली येतात. एका उद्योजकाला मी सरळ म्हटलं, केशर-पिस्त्यासारखे दिसतील असं काहीतरी करा, लपवू नका.

कुठे थांबायचं

मणी वाळवायचे असतील तर घरगुती डोकं लढवू नका. ओव्हनमध्ये वाळवून मेलेल्या जिवाणूंचे डबे मी पाहिले आहेत. फ्रीज ड्रायिंगला ट्रेहॅलोज ही साखर किंवा स्किम मिल्कसारखं संरक्षक लागतं, आणि नंतरही पदार्थातलं मोकळं पाणी, म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, ०.२५ च्या खाली राखावं लागतं. पुण्याच्या पावसाळ्यात हे साध्या झाकणाच्या डबीत होत नाही. ज्याच्याकडे यंत्र आणि रोजचा हात आहे, त्याच्याकडे जा.

पेरॉक्साईडचे बुडबुडे सलग तीन वेळा आले तरीही थांबा. नवा, खात्रीचा स्ट्रेन घ्या किंवा आहे त्याची जनुकीय ओळख करून घ्या. पुण्यात राहण्याचं भाग्य असं की दोन्ही दारं शहरातच आहेत: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह एनसीआयएम, आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) अखत्यारीतलं सूक्ष्मजीव केंद्र एनसीएमआर. अहवालात ओळखीचं नाव दिसलं नाही तरी दचकू नका. लॅक्टोबॅसिलस हा मोठा वंश २०२० साली २५ वंशांत वाटला गेला; लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस आता लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस म्हणून नांदतो.

आणि कुणालाही खायला द्यायचा विचार मनात आला त्या क्षणी प्रयोगशाळेतले मणी बंद. मैत्रिणीला चव बघायला देणं हेही खायला देणंच. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रोबायोटिक पदार्थाच्या रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात, तेही पदार्थात, पोटात गेल्यावरचे नव्हेत. स्ट्रेनची सुरक्षितता कशी दाखवायची याची आयसीएमआर आणि डीबीटी या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन आणि जैवतंत्रज्ञान संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं २०११ पासून आहेत. हे काम अन्नतंत्रज्ञ आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कुठलंही प्रोबायोटिक द्यायचं असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा, तुमच्या काउंटचा नाही.

तज्ज्ञाकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. पाच आकड्यांची वही, फ्री सेल्सचे आकडे, अल्जिनेट आणि कॅल्शियम क्लोराईडचे लॉट नंबर, पीएच मीटर शेवटचं कधी आणि कुठल्या बफरवर लावलं त्याची तारीख, आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो.